सोयाबीनचा खरवस आणि थांबलेली पंगत

अमरावतीत जपानी-फ्रेंच जेवण मिळतं हे सांगितलं की लोक हसतात. पुण्याचे जास्त हसतात. "तिकडं? वऱ्हाडात? कोण खातं?" असं विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत पुन्हा हसतात. या लेखाचा पहिला उद्देश त्या हसण्याचा जाहीर निषेध करणे हा आहे. दुसरा उद्देश असा, की त्या हॉटेलात एका रविवारी दुपारी जे घडलं ते मी आजवर फक्त तोंडी, हातवारे करून सांगत आलेय. दर वेळी ऐकणारा म्हणतो, तू वाढवून सांगतेस. म्हणून आता लिहून देते. लिहिलेलं नाकारून दाखवा.

मी तिवस्याची. अमरावतीला हॉटेल मॅनेजमेंटची पदविका केली, पण खरं शिक्षण झालं ते विद्यार्थ्यांच्या संघटनेत. एसटीच्या पाससाठी, वसतिगृहातल्या पाण्यासाठी, मुलींच्या स्वच्छतागृहाच्या कडीसाठी (हो, नुसत्या कडीसाठी! तीन पत्रकं लागली!) मी लिहिलं, झेरॉक्स काढली आणि चौकात उभी राहून वाटली. पत्रकं लिहिणाऱ्याला एक खोड लागते. जगातली कुठलीही गोष्ट पाहिली की तिच्याखाली त्याला मागण्यांची यादी दिसायला लागते. ही खोड घेऊन मी बडनेरा रोडवरच्या एका हॉटेलात कॅप्टन म्हणून लागले.

कॅप्टन म्हणजे काय, ते बाहेरच्यांना माहीत नसतं. टेबलाशी उभं राहून ऑर्डर घ्यायची, आत पोचवायची, ताटं वेळेवर बाहेर येतात की नाही ते पाहायचं, आणि आत-बाहेर दोन्हीकडच्या शिव्या हसून खायच्या, असा तो माणूस. पगार मात्र एकाच बाजूचा मिळतो.

हॉटेलात जेवायच्या जागा दोन. खाली शेवभाजी, भरली वांगी, तंदुरी रोटी, कायम गजबजलेलं. आणि दुसऱ्या मजल्यावर आमचं. त्याला एक इंग्रजी नाव होतं, ते कोणालाच उच्चारता येत नसल्यामुळे सगळे 'वरचा माळा' म्हणत. वरच्या माळ्यावर एका जेवणात सात पदार्थ, एकामागून एक, छोटे छोटे. सगळं रफीकभाईंच्या हातचं.

रफीकभाई अकोल्याचे. वडील बावर्ची, लग्नांच्या देगा चढवणारे. रफीकभाई स्वतः बोटीवर नोकरीला गेले, प्रवाशांच्या मोठ्या बोटीवर. तिथं एक जपानी उस्ताद होता आणि एक फ्रेंच. "त्या दोघायचं आपसात बोलनं बंद," ते सांगत. "मंग दोघंही आपली आपली विद्या मलेच सांगत बसत. मी दोन्हीकडून शिकून घेतलं, न् त्यायले पत्ता नाई." आईनं फोनवर आता पुरे म्हटलं तेव्हा ते बोट सोडून घरी आले. येताना दोन सुऱ्या आणि एक ध्यास घेऊन आले.

ध्यास सोयाबीनचा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला भांडारात नेलं. बरण्यांची रांग होती. "हे पाह्य, लीडर," ते म्हणाले. (पहिल्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीवरून भांडले होते, तेव्हापासून मी लीडर.) "जपानी मानसाचं सकाळ-संध्याकाळ याच्यावर चालते. याचं दूध, याचं पनीर, याचं मुरवण, याची चटनी. अन् आपल्या इथं काय? बांधापासून बांधापर्यंत सोयाबीन, न् घरात खायाले कोनी दाना नेत नाई."

मला तर ठिणगीच पडली! अरे, खरंच की! आमच्या अख्ख्या जिल्ह्यात जे पिकतं त्याचं तेल काढायचं, पेंड कोंबड्यांना घालायची आणि आपण त्याला तोंडही लावायचं नाही? आणि तेच जगाच्या दुसऱ्या टोकाला लोक वाटीत घालून, हात जोडून खातात? मी त्याच दुपारी पत्रक लिहिलं. रफीकभाईंनी ते वाचलं आणि म्हणाले, "यात घोषणा जास्त न् मीठ कमी हाये."

पण मी थांबले नाही. मेनूकार्ड पूर्ण इंग्रजीत होतं. मी ते मराठीत आणवलं. त्यासाठी मॅनेजरशी पंधरा दिवस भांडले. सुशी या जपानी पदार्थाला मी 'आंबट भाताचा मुटका' केलं. लोण्याच्या त्या नखरेल फ्रेंच रसाला 'लोण्यात आटवलेला रस' केलं. गिऱ्हाईक वाढलं की नाही माहीत नाही, पण टेबलावरची मान खाली घालून बसणारी माणसं मान वर करून विचारायला लागली, हे मी शपथेवर सांगते.

नमुने भेटले, त्यांना तोड नाही. एक निवृत्त मास्तर आले होते, चारचौघांत बसलेले. मुटक्यासोबत बोटाच्या पेराएवढा हिरवा गोळा येतो, वासाबीचा. तो कणभर लावून खायचा असतो. मी तोंड उघडलं, तेवढ्यात मास्तर म्हणाले, "सांगू नको वं पोरी, आमी ठेचा खानारे लोक हावोत." आणि अख्खा गोळा तोंडात! ठेचा जिभेला झोंबतो. वासाबी नाकातून थेट टाळूवर जातं. मास्तर उभे राहिले. बसले. पुन्हा उभे राहिले. डोळ्यांतून धारा. सोबतचा म्हणाला, "मास्तर, रडता काहून?" मास्तरांनी श्वास घेतला, रुमाल लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "दुसरा आन." वऱ्हाडी माणूस हरत नाही. निदान कबूल करत नाही.

दुसरं एक जोडपं अकोल्याहून यायचं, दर महिन्याला, ठरलेलं. एकच गोड पदार्थ मागवायचं आणि दोन चमचे. दोघं इतकं हळू खायचे की शेवटी चमच्यावर काय उरलं असेल ते त्यांनाच माहीत. मॅनेजर म्हणायचा, यांना उठवा. मी म्हणायची, हात लावून दाखव.

आता माझ्या बाजूचीही एक कबुली. मला राहवायचं नाही. वाढता वाढता मी पाहुण्यांना सोयाबीनवर, भाषेवर, पुण्याच्या हसण्यावर बोलायची. एकदा एका कुटुंबाला मी वांगं पुढ्यात ठेवून इतकं समजावलं, की वांगं गार झालं आणि त्यांचं लहान मूल टेबलावर डोकं ठेवून झोपलं. मालकांपर्यंत गेलं ते. मालक म्हणजे दादासाहेब. उंच, पांढराशुभ्र शर्ट, आवाज असा की जिन्यात बोलले तर गच्चीवर ऐकू यावं. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "विचारल्याबिगर तोंड उघडायचं नाई. जेवाले येतात लोक, सभेले नाई."

म्हणून मग मी जे काही सांगायचं ते छापून टेबलावर ठेवायला लागले. तोंड बंद, पत्रक चालू! हे ध्यानात ठेवा. पुढचा सगळा गोंधळ याच्यातून झाला.

एका गुरुवारी दादासाहेब वर आले. स्वयंपाकघरात आले नाहीत, दारातच उभे राहिले. म्हणाले, वरचा माळा बंद करतो. सोमवारपासून इथं थाळी. बोर्डवाल्याला सांगितलंय, सोमवारी सकाळी येऊन लावेल. रफीकभाईंनी हातातली सुरी खाली ठेवली.

"खालीच थाळी हाये न, साहेब," ते म्हणाले.

"वरही चालते."

"अन् मी?"

"थाळीले मानूस लागतेच. रहाय तू. वरण-भात कोनाले येत नाई?"

हे ऐकून मी काय काय बोलायला तोंड उघडलं होतं ते छापता येणार नाही. पण विचारल्याशिवाय बोलायचं नव्हतं, म्हणून गिळलं. रफीकभाई मात्र शांतपणे म्हणाले, "रविवारपर्यंत तं हाये न?"

रविवारी दादासाहेबांचे होणारे व्याही यायचे होते, हिवरखेडहून, घरचे धरून नऊ जण. मुला-मुलीची पसंती झाली होती, आता थोरांचं जेवण आणि बोलणी. आणि दादासाहेबांनी सोयरिकीच्या बोलण्यात छाती पुढे काढून सांगितलं होतं की आपल्या हॉटेलात जपानी जेवण मिळतं. तेव्हा ते देणं भाग होतं.

"त्यायले आवडलं, तं?" रफीकभाईंनी विचारलं.

दादासाहेब जिन्याकडे वळता वळता म्हणाले, "आवडलं, तं पाहू."

बस. तेवढंच. पण आमच्या स्वयंपाकघराला तेवढं पुरलं. एका जेवणावर सगळं होतं. नऊ पाहुण्यांना आवडलं तर वरचा माळा, नाही आवडलं तर वरण-भात.

तीन दिवस रफीकभाई घरी फक्त आंघोळीला जात असावेत. पाहुण्यांत व्याह्यांची मोठी बहीण होती, नवरदेवाची आत्या, रिद्धपूरला नेमानं जाणारी, महानुभाव. मांसमच्छी सोडा, अंडंसुद्धा चालणार नव्हतं. रफीकभाईंनी त्या दिवसापुरती सगळी भांडी नवी आणवली, स्टिकर माझ्यासमोर काढले. सातही पदार्थ बिनअंड्याचे. पहिला पदार्थ म्हणजे त्यांचा जीव की प्राण होता. जपानी लोक अंड्याचं, खारं, वाफवलेलं, थरथरणारं असं काहीतरी झाकणाच्या वाटीत करतात. ते यांनी सोयाबीनच्या दुधाचं केलं. वर लोण्याच्या रसाचा एक थेंब, फ्रेंच उस्तादाची आठवण म्हणून. झाकण काढलं की वाफ नाकाला लागली पाहिजे, ही अट.

आणि मी? मी पत्रक लिहिलं. आयुष्यातलं सर्वोत्तम. गुलाबी कागदावर. सोयाबीन कुठं पिकतं, जपान त्याचं काय करतं, आपण काय करत नाही, वऱ्हाडी माणसाची जीभ कोणापेक्षा कमी नाही, आज आपल्याला एकूण सात पदार्थ वाढले जातील, आणि शेवटी अभिमान. अभिमानाला वेगळा परिच्छेद.

रविवारी बरोबर एक वाजता मंडळी आली. व्याही बाबाराव, डोक्याला फेटा नाही पण मान फेटा बांधल्यासारखी. त्यांच्या घरची माणसं. आणि मध्यभागी आत्याबाई, नऊवारी, कपाळावर आडवं गंध, हातात माझं गुलाबी पत्रक. त्या चष्मा लावून ते अक्षरन् अक्षर वाचत होत्या. मला भरून आलं.

दादासाहेब बसले नाहीत. आमच्याकडे मुलीचा बाप व्याह्यांच्या पंगतीला बसत नाही. तो उभा राहतो, आग्रह करतो, आणि सगळ्यांचं झाल्यावर मागून जेवतो. ते हात जोडून टेबलाच्या टोकाशी उभे.

नऊ वाट्या गेल्या. झाकणं निघाली. वाफ वर आली. आत्याबाईंनी वाकून पाहिलं. बाबारावांनी वाकून पाहिलं. मग सगळे मागे टेकून बसले आणि गप्पा मारायला लागले. पावसाच्या, संत्र्याच्या, तेल्हाऱ्याच्या रस्त्याच्या.

कोणी चमचा उचलला नाही.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. अशा जेवणात एक पदार्थ संपून भांडं परत आलं की आत कळतं, आता दुसरा चढवा. भांडं येत नाही तोवर पुढचं तव्यावर जात नाही. सगळं ऐनवेळी गरम. म्हणजे बाहेरचा माणूस खातो, त्या तालावर आतला माणूस नाचतो.

पाच मिनिटं झाली. रफीकभाईंनी स्वयंपाकघराच्या वाढपाच्या खिडकीतून विचारलं, "खाऊन राहिले?"

"नाही."

"मंग काय करून राहिले?"

"बोलून राहिले."

"वाफ?"

मी खोटं बोलले. "आहे अजून."

दहा मिनिटं झाली. वाफ गेली. वाटीवर साय धरायला लागली. टेबलाच्या त्या टोकाहून दादासाहेब मला डोळे वटारत होते. मला वाटलं, ते म्हणताहेत, खात का नाहीत हे? मीही डोळ्यांनीच विचारलं, खात का नाहीत हे? ते आणखी वटारत होते. असं आमचं बराच वेळ चाललं. पाहुण्यांच्या डोक्यावरून दोन माणसं नुसत्या भुवयांनी भांडत होती. आत रफीकभाई खिडकीच्या पलीकडे उभे, हात पुसत. पुसलेले हात पुन्हा पुसत. मी पहिल्यांदा पाहिलं, त्या माणसाचा चेहरा पडतो म्हणजे कसा. ते म्हणाले, "नाई आवडलं न, लीडर? वासच नाई आवडला." आणि स्टुलावर बसले.

तेवढ्यात दादासाहेब धाडकन आत आले.

"अबे, बाकीचं कुठं हाये? व्याही कवाचे एका वाटीवर बसवले तुमी! माह्या इज्जतीचा फालुदा करता काय?"

"वाटी खाली झाल्याबिगर दुसरं जात नाई, साहेब," रफीकभाई म्हणाले.

"पूरं वाढल्याबिगर कोनी हात लावते काय? पंगत हाये न!"

तेव्हा कुठं आमच्या डोक्यात उजेड पडला. बाहेर नऊ माणसं शिस्तीत, भुकेली, उरलेले सहा पदार्थ वाढले जाण्याची वाट पाहत होती. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी, सगळं वाढून झालं, यजमानानं विनंती केली, की मगच घास उचलायचा. यापेक्षा सभ्य माणसं जगात सापडायची नाहीत. आणि मी, तिवस्यात शंभर पंगती वाढून मोठी झालेली पोरगी, पत्रकात लिहून बसले होते की एकूण सात पदार्थ वाढले जातील. कधी खायचं ते लिहिलंच नव्हतं! अभिमानाला वेगळा परिच्छेद, आणि खायचं कधी याला एक ओळ नाही!

मग दुसरी एक गोष्ट माझ्या लक्षात आली.

"साहेब, तुम्ही तरी त्यांना सुरू करा म्हणायचं ना. तुम्हाला माहीत आहे इथं कसं असतं ते."

दादासाहेब बाहीचं बटण चाचपायला लागले.

"तुम्ही इथं जेवला नाहीत कधी?"

"माहा डबा घरून येते," ते म्हणाले. आवाज पहिल्यांदाच जिन्यापर्यंतही पोचला नाही.

न जेवता बंद करायला निघाले होते! न चाखता! मला केवढं बोलायचं होतं! पण बाहेर नऊ माणसं उपाशी होती.

दादासाहेब रफीकभाईंकडे वळले. "सातही एकदम लाव. ताट कर. विषय संपव."

"वांगं गार, लोण्याचं गोठलं, आइस्क्रीमचं पानी," रफीकभाई स्टुलावरून उठून म्हणाले. "तसं द्यायचं असन, तं सोमवारची वाट काहून पाहता? आत्ताच बंद करा. पन मी गार वाढनार नाई."

"मग तुम्ही बाहेर जाऊन सांगा त्यांना, साहेब," मी म्हटलं.

"व्याह्याले मी सांगू?" दादासाहेब हादरले. "तुमाले खाता येत नाई म्हनू? सोयरीक तुटन, पोरी!"

"मी सांगते."

"तू? अजिबात नाई! तू सुरू झाली तं..."

मी गेले.

टेबलापाशी पोचेपर्यंत डोक्यात भाषण तयार होतं. सुरुवात, मुद्दे, टाळ्यांची जागा. आत्याबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि सगळं उडून गेलं. मी त्यांच्या खुर्चीशी खाली वाकले आणि घरच्यासारखं बोलले.

"आत्याबाई, आमची पंगत उलटी हाये. एक खाऊन झालं की मंगच दुसरं चुलीवर चढते. तुमी सुरू केल्याबिगर आमचे आचारी हात बांधून बसले हायेत."

आत्याबाईंनी पत्रक उचललं, हातभर लांब धरलं.

"मंग हे यात काहून नाई लिहिलं?"

"राहिलं."

"एवढं सोयाबीन लिहिलं. एवढा जपान लिहिला. हा इतका मोठा अभिमान लिहिला. अन् जेवायचं कवा, थे राहिलं?"

"चुकलं माझं," मी म्हटलं. पत्रकाच्या बाबतीत हे दोन शब्द मी त्याआधी कधी उच्चारले नव्हते. संघटनेतल्या मित्रांनी हे वाचू नये.

आत्याबाई हसल्या. मग बाबाराव हसले. मग सगळं टेबल असं हसलं, की आत दादासाहेबांना वाटलं मोडली सोयरीक. आत्याबाईंनी चमचा उचलला, नऊ चमचे उचलले गेले.

"खरवस हाये हा," आत्याबाई म्हणाल्या. "पन गोड काहून नाई?"

"सोयाबीनच्या दुधाचा आहे."

बाबारावांचा चमचा थांबला. "कायच्या?"

"सोयाबीनच्या."

"आपल्या सोयाबीनच्या? थे पोत्यातलं?" ते वाटीत असे बघत होते जणू शेतातलं कोणी ओळखीचं माणूस सूट घालून समोर आलंय. त्यांनी वाटी तळापर्यंत खरवडली. "इतके वर्स पेरून राहिलो मी," ते बायकोला म्हणाले. "अन् हे असं लागते, कोनी सांगतलंच नाई."

आत्याबाईंनी वाटी ठेवली. "थंडा झाला होता. अजून एक आन. गरम."

"मलेही," बाबाराव म्हणाले.

"इकडेही," तिकडून आवाज.

मी आत पळाले. "रफीकभाई, अजून!"

"अजून काय?"

"अजून वाट्या. नऊच्या नऊ!"

वरच्या माळ्यावर प्रत्येक पदार्थ माणशी मोजून असतो. ते वासाबीवाले मास्तर सोडले तर तिथं कोणी 'अजून' म्हणत नसतं. लोक थोडं खातात, 'वेगळं आहे' म्हणतात आणि फोटो काढतात. रफीकभाईंना तो शब्द कळायला क्षणभर लागला. मग ते ओरडले, आणि मी त्यांना ओरडताना कधी ऐकलं नव्हतं, "खालून इडलीचं भांडं आन! मोठं! पळ, लीडर!"

मी दोन मजले उतरून नाश्त्याचं इडलीपात्र उचलून आणलं. झाकण जिन्यात पडलं, घरंगळत पार स्वागतकक्षात गेलं, ते आणायला पुन्हा गेले. वाट्या कमी पडल्या, चहाचे कप लावले. आत हाताखालची दोन पोरं दूध गाळताहेत, रफीकभाई एका हातानं वांगी उलटताहेत आणि गुणगुणताहेत. त्यानंतर जे सुरू झालं त्याला जेवण म्हणू की वरात म्हणू?

कारण दादासाहेबांना काम मिळालं होतं! पंगत सुरू झाली म्हणजे आग्रह सुरू झाला. त्यांनी माझ्या हातातलं ताट हिसकावून घेतलं आणि स्वतः वाढायला लागले. "घ्या हो व्याही, एक वांगं घ्या. माही आन हाये तुमाले." कुठला चमचा, कुठली बशी, काही धरबंध नाही. लोण्यात आटवलेला रस मी थेंब थेंब घालत असते, तो ते वरणासारखा ओतत होते. बाबारावांनी ताटावर हात आडवा धरला, तर बोटांवरून ओतला. आंबट भाताचे मुटके संपले, पुन्हा भात लागला. मुळ्याचं लोणचं आत्याबाईंनी बरणीसकट मागवलं. रफीकभाई खिडकीतून वाट्या ढकलत होते आणि मी धावत होते, घामाघूम, हसत, आणि प्रत्येक फेरीला आत ओरडत होते, "अजून!"

चौथ्या की पाचव्या पदार्थाला आत्याबाईंनी विचारलं, "रांधलं कोनं?"

दादासाहेब खाकरले. "आपला शेफ हाये. फॉरेन रिटर्न."

फॉरेन रिटर्न! माणसाला नाव असतं की नाही? "रफीकभाई," मी म्हटलं. "अकोल्याचे."

टेबलावरचे चमचे हळू झाले. दादासाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्यांच्या मनात मी तिथंच नोकरीवरून गेले. आत्याबाईंनी घास चावला, गिळला, पाणी प्यायल्या.

"अकोल्यात कुठचे?"

"जुन्या शहरातले."

"मंग त्याले सांग, भातात मीठ कमी हाये."

मी आत जाऊन जसंच्या तसं सांगितलं. रफीकभाईंनी भात चाखला. "बाई बरोबर बोलतात," ते म्हणाले, आणि पुढच्या फेरीचं मीठ वाढवलं.

मंडळी निघाली तेव्हा चार वाजत आले होते. बाबाराव जिन्यात कठड्याला धरून उतरत होते. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख टेबलावरच ठरली. आत्याबाई मोटारीत बसताना दादासाहेबांना म्हणाल्या, "जेवन झालं बरं." ज्यांना वऱ्हाडी आत्याबाई माहीत आहेत त्यांना कळेल, याच्या वर प्रमाणपत्र नाही.

आम्ही आत भांडी आवरत होतो. आवडलं होतं, ते दिसलं होतं. पण बोर्ड तर सकाळी येणार होता. दार ढकलून दादासाहेब आत आले. शर्टावर लोण्याचा डाग, बाही कोपरापर्यंत. सकाळपासून पोटात काही नव्हतं त्यांच्या.

"उरलं काई?" त्यांनी विचारलं.

रफीकभाईंनी स्वतःचं स्टूल पुढे केलं. दादासाहेब बसले. रफीकभाईंनी शेवटचा कप वाफेतून काढून समोर ठेवला, वर एक थेंब टाकला आणि बाजूला उभे राहिले. दादासाहेबांनी कपाकडे पाहिलं. आमच्याकडे पाहिलं.

"बाकीचं?"

"आधी हे, साहेब."

त्यांनी खाल्लं. कप परत गेला. मग वांगं आलं. ते खाल्लं. मग पुढचं. स्टुलावर, भांड्यांच्या ढिगाशेजारी, सातही पदार्थ, एकेक करून. मध्ये एकदा फोन वाजला, त्यांनी बघितला नाही. मी मोजत नव्हते, पण त्या माणसानं कधी कुठल्या गोष्टीला इतका वेळ दिलेला मी पाहिला नव्हता. शेवटचा चमचा चाटून त्यांनी तो खाली ठेवला.

"उद्या हिले घेऊन येतो," ते म्हणाले. ही म्हणजे बायको. "दोघांचं टेबल ठेव."

रफीकभाई पाठमोरे उभे होते. त्यांचा भांडं घासणारा हात थांबला.

"किती वाजता?" मी विचारलं.

"हे उघडते कवा?"

"बाराले."

"मंग बाराले."

"आगाऊ नोंद करावी लागते, साहेब," मी म्हटलं आणि वही उघडून सोमवारचं कोरं पान काढलं. पेनचं टोपण काढलं. "नाव सांगा."

दादासाहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा रफीकभाईंच्या पाठीकडे. मग कॉलर सरळ केली आणि सगळ्या स्वयंपाकघराला ऐकू येईल अशा आवाजात आपलं पूर्ण नाव सांगितलं.